तेरावा लेख

गोविंदरावांनी जेवणाची ताटं स्वतःच उचलून ओट्यावर नेली, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसलं, आणि बरोबर आणलेली गुंडाळी त्यावर उलगडली. कागद जुना होता, मागून मांजरपाट चिकटवलेला. इतकी वर्षं गुंडाळून राहिल्यामुळं त्याच्या कडा पुन्हा पुन्हा आत वळत होत्या.

"सुशांत, ह्या बाजूनं धर जरा. हात कोरडे आहेत ना?"

सुशांतनं हात पँटला पुसले आणि कडा धरली. काळ्या शाईत पांढऱ्या अक्षरांच्या ओळी होत्या. लहानपणी औरंगाबादच्या घरात ही गुंडाळी कपाटावर असे आणि तिला हात लावायची कुणालाच परवानगी नसे.

"एक्क्याऐंशी साल," गोविंदराव म्हणाले. "ओडिशात जौगडला पंधरा दिवस धर्मशाळेत राहून घेतलेला अशोकाच्या शिलालेखाचा ठसा आहे हा. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांत घालायचा आणि वाळत आला की वरून शाई. एक ओळ बिघडली की सगळा कागद वाया."

त्यांनी कॉलेजात तीस वर्षं पाली शिकवली होती. जन्म धर्मांतराच्या तीन वर्षं आधीचा, म्हणून नाव गोविंद राहिलं. पाठच्या बहिणीचं सुजाता झालं. बायको गेल्यावर दोन वर्षं एकटे काढून ते पहिल्यांदाच मुलाकडं कतारला आले होते; सुशांत इथं बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता. दोह्यातली वीस-पंचवीस बौद्ध कुटुंबं दर वर्षी अशोक विजयादशमीच्या जवळच्या शुक्रवारी एकत्र जमत. सर आलेत म्हटल्यावर त्यांनी सरांनाच बोलायला सांगितलं होतं. विषय होता, धम्मानं अशोकाचा राज्यकारभार कसा बदलला.

"हे बघ," त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक एका ओळीवर ठेवलं. "दहावा लेख इथं संपतो. पुढं अकरावा यायला पाहिजे. येतो एकदम चौदावा."

"मधले पुसले गेले?" सुशांतच्या बायकोनं, अंतरानं, ओट्याजवळून विचारलं.

"पुसले नाहीत, कोरलेच नाहीत. अकरा, बारा, तेरा. गिरनारला आहेत. पार पेशावरच्या पुढं आहेत. कलिंगात नाहीत. धौलीला नाहीत आणि इथं जौगडलाही नाहीत."

"तेराव्यात काय आहे अण्णा?" तिनं विचारलं.

"त्याची कबुली. कलिंगात एक लाख माणसं मारली, दीड लाख उचलून नेली, त्याच्या कितीतरी पट मागाहून मेली, आणि आता मला त्याचं दुःख होतंय, असं. एवढ्या मोठ्या राजानं जिंकल्याबद्दल असं लिहून ठेवावं, हेच नवल. पण ज्यांची माणसं मेली त्यांच्या मुलुखात तेवढं सोडून बाकी सगळं कोरलंय."

"मग त्या जागी काय कोरलं?"

"दोन वेगळे लेख. अधिकाऱ्यांना सूचना. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना विनाकारण डांबू नका, छळू नका. आणि माणूस न्यायानं वागत नाही तो कशामुळं, त्याची यादी. मत्सर, राग, निष्ठुरपणा..." पेन्सिल पुढं सरकत राहिली. "हे बघ, तूलना. तूलना म्हणजे घाई. मग सवय नसणं, आळस, थकवा. तुमच्या साइटवर सेफ्टीच्या पाट्या असतात, त्यातलीच एखादी वाटते की नाही?"

सुशांतच्या हातून कडा सुटली. कागद सरकन् मिटत गोविंदरावांच्या मनगटापर्यंत गेला.

"सॉरी अण्णा," म्हणत त्यानं पुन्हा धरला.

"तुमच्या साइटवर आहेत की ओडिशाची माणसं," अंतरा हात पुसत टेबलाशी आली. "तो मागच्या महिन्यात गेला बिचारा, तो तिकडचाच होता ना?"

"कुठला?" गोविंदरावांनी मान वर केली.

"गंजमचा," सुशांत म्हणाला.

"अरे, जौगड गंजम जिल्ह्यातलंच. कशानं गेला?"

"हार्ट."

"वय काय?"

"चौतीस."

गोविंदरावांनी चष्मा काढला. "त्याचं कुणी आहे इथं?"

"मोठा भाऊ आहे. आमच्या दुसऱ्या साइटवर असतो."

"उद्या शुक्रवार. त्यांना सुट्टी असेल. मला घेऊन चल."

सुशांतनं सांगून पाहिलं, की कँपच्या गेटवर परवानगीची भानगड असते, ऊन अजून उतरलेलं नाही, तिथं खोलीत बसायलाही जागा नसते. गोविंदराव ठसा गुंडाळत होते. "मी तिथं धर्मशाळेच्या ओट्यावर झोपलेला माणूस आहे," ते म्हणाले. "त्या लोकांनी मला पंधरा दिवस भात घातलाय. त्यांच्याकडं मयत झालंय म्हणतोस, तर जायला नको?"



*

सप्टेंबरच्या मध्याला दुपारच्या कामावरची उन्हाळी बंदी उठते, आणि गंजमचा तो माणूस गेला तेव्हा ती उठून दोनच दिवस झाले होते. स्लॅबचं काँक्रिट पहाटे सुरू व्हायचं होतं, पण प्लँट बिघडल्यामुळं गाड्या साडेनऊला आल्या. बंदी उठली असली तरी नियम होताच. साइटवर ऊन आणि दमटपणा मिळून मोजणारा उष्णतेचा मीटर लावलेला असतो, आणि त्यानं बत्तीस ओलांडलं की काम थांबवायचं. पावणेएकला सुपरवायझर शफीकचा फोन आला. शफीक रत्नागिरीकडचा, अकरा वर्षं दोह्यात.

"साहेब, मीटर बत्तिसाच्या वर गेलाय. पोरं खाली बसाय लागलीत. थांबवू काय?"

सुशांत ऑफिसच्या केबिनमध्ये होता. समोर लॅपटॉपवर वेळापत्रक होतं आणि त्यात तो स्लॅब लाल झालेला होता.

"किती राहिलंय?"

"एक पट्टा. दोन गाड्या."

"मग अर्धा तास काढ. आत्ता सोडलं तर स्लॅबला मधेच कच्चा जॉइंट पडेल, आणि पंप परत आठवडाभर मिळायचा नाही. अर्धा तास, मग सगळ्यांना सावलीत बसव."

"बरं साहेब," शफीक म्हणाला.

सिमांचल गौड काँक्रिट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरच्या नळीवर होता. सव्वाला तो सळ्यांवरच आडवा झाला. रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली, तोवर बाकीचे त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते, आणि चारच्या सुमाराला तो गेला. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू असं आलं. कंपनीच्या अहवालात तो काम थांबल्यावर, विश्रांतीच्या वेळात कोसळला असं लिहिलं गेलं. सुशांतनं ते लिहिलं नव्हतं. खाली सही त्याची होती.

त्यानंतर कंपनीनं त्यालाच सांगितलं, की उष्णतेच्या धोक्याबद्दल माणसांना समजावून सांग. त्यानं मनापासून तयारी केली. लुसेलच्या साइटवर, वक्रा इथल्या साइटवर आणि पार वर मदिनत अश शमालला जाऊन त्यानं ते सादर केलं. घाई करू नका, मीटर म्हणेल तेच खरं, माणूस म्हणाला बसतो तर त्याला बसू द्या. शमालला बोलताना त्याचा आवाज इतका भरून आला, की एक म्हातारा फोरमन नंतर येऊन त्याचा हात हातात घेऊन उभा राहिला. स्वतःच्या साइटवर मात्र ते सादर करायचं राहून गेलं होतं. कुणी आठवण केली नाही.

शफीक तेव्हापासून फोन करत नसे. काहीही विचारायचं असलं तरी मेसेज लिहून पाठवी, आणि उत्तरही लेखीच मागे.

*

बरवा अल बराहा इथल्या कामगार कँपच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सारखाच लांब बोळ होता आणि प्रत्येक दारासमोर सारख्याच चपला. सिमांचलच्या मोठ्या भावाच्या, बृंदाबन गौडच्या खोलीत सहा खाटा होत्या, दोन मजली. पाहुणे येणार म्हणून खालची एक खाट मोकळी करून तिच्यावर नवी चादर घातली होती. बृंदाबन पन्नाशीचा असेल. केस पांढरे, मिशी काळी. त्यानं गोविंदरावांना वाकून नमस्कार केला, सुशांतलाही केला, आणि कागदी कपात चहा दिला.

गोविंदराव आधी मयताबद्दल बोलले. आपल्या हिंदीत, सावकाश. घरी कोण कोण आहे, विचारलं. आई आहे, सिमांचलची बायको आहे, दोन मुली. मग गाव विचारलं. बृंदाबननं पुरुषोत्तमपूरजवळचं एक नाव सांगितलं, तसे ते खाटेवर पुढं सरकले.

"नदी के इस पार या उस पार?"

"उस पार, बाबा."

"तो जौगड का पत्थर देखा है?"

बृंदाबनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "देखा है? हम लोग उधर गाय चराते थे. जाली के बाहर बैठके पत्ते खेलते थे. सिमा को एक बार चौकीदार ने पकड़ा, जाली पे चढ़ा था." तो वरच्या खाटेवरच्या माणसाशी उडियात काहीतरी बोलला आणि तोही हसला. "गाँव में बोलते हैं उसमें खजाने का पता लिखा है."

"खजाना नहीं," गोविंदराव म्हणाले. "मैं बताता हूँ क्या लिखा है."

सुशांतनं वडिलांना वर्गात शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ते हातवारे न करता बोलत होते आणि खोलीतली चारपाच माणसं, बोळातून डोकावणारी आणखी दोघंतिघं, ऐकत होती. राजानं माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधं लावली, रस्त्यावर विहिरी खणल्या, झाडं लावली. त्याचे खास अधिकारी तुरुंगात जाऊन बघत, की ह्याला लेकरंबाळं आहेत का, हा म्हातारा आहे का, आणि तसं असलं तर सुटकेसाठी खटपट करत. मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, तरी लोकांचं काम आलं तर मला सांगा, असं त्यानं लिहून ठेवलं. आणि तुमच्या दगडावर लिहिलंय, की सगळी माणसं माझी लेकरं.

"हमारे पत्थर पे?" बृंदाबननं विचारलं.

"तुम्हारे पत्थर पे."

"और वो लड़ाई? स्कूल में मास्टर बोलते थे, एक लाख आदमी मारा था उसने हमारा. वो भी लिखा है?"

गोविंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "वो लिखा है. उसका दुख भी लिखा है. लेकिन वो दूसरी जगह है. गुजरात में है, पेशावर की तरफ है. तुम्हारे यहाँ नहीं है."

"इतना दूर?" बृंदाबन विचारात पडल्यासारखा झाला. "उधर हमारा कौन आदमी जाके पढ़ेगा?"

गोविंदरावांनी खाली ठेवलेला कप उगाच थोडा सरकवला. ते म्हणाले, की त्याच दगडावर दुसराही लेख आहे, सीमेवरच्या लोकांसाठी. माझी भीती बाळगू नका, माझ्याकडून तुम्हाला सुखच मिळेल, दुःख नाही, आणि जे क्षमा करण्यासारखं असेल ते राजा क्षमा करील.

"माफ वो करेगा?" बृंदाबननं विचारलं. "हमको?"

त्यात टोमणा नव्हता. आपण नीट ऐकलं की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. गोविंदरावांनी चष्मा सारखा केला. मान हलवून म्हणाले, "हाँ. ऐसा ही लिखा है."

बृंदाबननं उशीखालून फोन काढला. काच तडकलेली होती. तो सुशांतच्या समोर जमिनीवर बसला.

"साब, एक बात पूछनी थी. उस दिन उसने मेरे को आवाज भेजी थी. मैं ड्यूटी पे था, शाम को सुनी."

त्यानं बटण दाबलं. मागं पंपाची घरघर होती, आणि तिच्यावरून एक माणूस उडियात बोलत होता, धापा टाकत, पण हसऱ्या आवाजात. दहाबारा सेकंदात संपलं.

"बोल रहा है, दादा, आज आग बरस रही है. ऊपर से बोला है और आधा घंटा. उसके बाद छाँव में बैठके फोन करूँगा." बृंदाबननं फोन बंद केला. "कागज पे लिखा है काम खतम होने के बाद गिरा. माँ रोज पूछती है, बैठा था कि काम कर रहा था. मैं क्या बोलूँ? ये ऊपर से कौन बोला था साब?"

सुशांतच्या हातात चहाचा रिकामा कप होता. त्यानं तो मुठीत दाबला, मग पुन्हा सरळ करायचा प्रयत्न केला. वरच्या खाटेवरचा माणूस पाय हलवत होता तो थांबला.

"देखना पड़ेगा," सुशांत म्हणाला. "मैं पता करता हूँ."

"जी साब," बृंदाबन म्हणाला.

गोविंदराव मुलाकडं बघत होते. आयुष्यभर त्यांनी झिजलेली, फुटलेली अक्षरं उरलेल्या रेघांवरून ओळखली होती.

*

गाडी सलवा रोडला लागली.

"वरून म्हणजे कोण?" गोविंदरावांनी विचारलं.

"मी."

गोविंदरावांनी समोरचा एसीचा झोत हातानं दुसरीकडं वळवला. मग म्हणाले, "अंतराला ठाऊक आहे?"

"नाही."

"सांगितलंस तर काय होईल?"

"नोकरी जाईल. केस होईल, ती संपेपर्यंत देश सोडता येणार नाही. आणि माझ्या आधी शफीकवर येईल. काम थांबवायचा अधिकार त्यालाही होता, कागदोपत्री." सुशांतनं आरशात पाहिलं आणि लेन बदलली. "तो तर विचारत होता, अण्णा. त्यानं विचारलं होतं."

अण्णांनी रागवावं असं त्याला वाटत होतं. लहानपणी ते रागावत तेव्हा गोष्ट तिथंच संपायची. गोविंदराव खिडकीबाहेर, शोरूमच्या पाट्यांकडं बघत राहिले, आणि घर आल्यावर सीटचा पट्टा सोडायला त्यांना जमेना, तो सुशांतनं सोडला.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. वंदना झाली. मुलांनी इंग्रजीतून दोन शब्द सांगितले. गोविंदराव उभे राहिले आणि चांगले बोलले. फक्त ठसा त्यांनी पिशवीतून काढला नाही. अशोकानं देहान्ताची शिक्षा बंद केली नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं. एवढा धम्म मानणारा सम्राट, पण तेवढं त्याच्या हातून झालं नाही. शिक्षा झालेल्याला त्यानं तीन दिवस दिले. तेवढ्यात नातेवाइकांनी धावाधाव करावी, आणि कुणीच नसेल तर त्या माणसानं दान करावं, उपास करावा. "राज्य धम्मावर चालवायचं म्हणजे काय, तर बऱ्याचदा एवढंच. तीन दिवस," ते म्हणाले.

शेवटी प्रश्न झाले. कार्यक्रम जुळवून आणणारा विजय उठला. "सर, तेरावा लेख कलिंगात का कोरला नाही?"

सुशांत मागच्या रांगेत होता. ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ होतं. घरी आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला अण्णा तीन कारणं सांगत. जखम ताजी होती. बंडाची भीती होती. आणि जिंकलेल्यांना पश्चात्तापापेक्षा चांगला कारभार जास्त हवा असतो.

"मी चाळीस वर्षं ह्याची कारणं सांगत आलोय," गोविंदराव म्हणाले. थोडा वेळ ते पुढच्या रांगेच्याही वरून कुठंतरी बघत उभे होते. "त्याला जमलं नसेल."

आणि ते खाली बसले. लोकांना वाटलं, आणखी काही बोलतील. मग विजयनंच टाळ्या सुरू केल्या.

*

शनिवारी सुट्टी सुशांतला होती, बृंदाबनला नव्हती. पहाटे पाचला सुशांत कँपसमोर पोचला तेव्हा बसची रांग लागलेली होती. डबे हातात घेतलेली माणसं अर्धवट झोपेत ओळीनं उभी होती. बृंदाबननंच त्याला आधी पाहिलं आणि रांग सोडून आला.

"बृंदाबन, वो आधा घंटा..." सुशांतनं गाडीतून उतरता उतरताच सुरुवात केली.

"शफीकभाई ने बताया था, साब." बृंदाबन हळू आवाजात बोलला. "बॉडी भेजी, उसी दिन. एअरपोर्ट पे बहुत रोया वो."

सुशांत दार धरून उभा राहिला. "तो फिर कल मुझसे क्यों पूछा?"

बृंदाबननं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "आपके पिताजी के सामने नहीं पूछना था. गलती हुई. बुजुर्ग आदमी हैं."

"नहीं, नहीं..."

"माँ पूछती है, तुम्हारे साब लोग क्या बोले. महीना हो गया. मैं बोलता हूँ, मिले नहीं." त्यानं खिशातून फोन काढला. "गाँव में अभी साढ़े सात बजा है. वो उठ गई है. आप ही बोल दो साब. उसको हिंदी नहीं आती. आप बोलो, मैं बता दूँगा."

सुशांत नको म्हणेपर्यंत घंटी वाजायला लागली होती. तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला. बृंदाबन दोन वाक्यं बोलला आणि फोन आडवा धरून त्यानं सुशांतच्या तोंडापुढं केला.

"किए?" कोण बोलतंय, म्हणून फोनमधून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मागं कोंबडा आरवत होता. "किए?"

सुशांतनं हिंदीत वाक्य जुळवलं होतं. रात्रभर जुळवलं होतं. कामावर दिवसभर तो हिंदीच बोले, ती त्याला कधी अडली नव्हती. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातला एक शब्द वर येईना.

"मावशी," तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो. शफीक विचारत होता थांबवू का, मी म्हणालो अर्धा तास अजून. तो बसला नव्हता. काम करत होता. मी केबिनमध्ये बसलेलो होतो, थंडगार, आणि म्हणालो अर्धा तास. पंप मिळाला नसता म्हणून. नुसत्या पंपापायी. मला तेव्हा... मला तेव्हा तुमचा लेक डोळ्यांपुढं आला नाही हो."

तो थांबला. पलीकडून फक्त कोंबडा ऐकू येत होता. आपण मराठीत बोललो, बृंदाबनलाही त्यातलं काही कळलं नसणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. पुन्हा सगळं हिंदीतून सांगायला हवं होतं, आणि तेवढं बळ अंगात उरलेलं नव्हतं. त्यानं बृंदाबनकडं पाहिलं.

बृंदाबननं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग फोन कानाला लावला आणि आईशी बोलायला लागला. तो बराच वेळ बोलला, सुशांत बोलला होता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. दोनदा सिमा हे नाव आलं. मध्ये एकदा त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. शेवटी पलीकडून ती काहीतरी म्हणाली, अगदी थोडं, आणि तो "हँ, हँ" करत राहिला. बसवाल्यानं भोंगा वाजवला. बृंदाबननं फोन खिशात टाकला.

"क्या बताया उनको?" सुशांतनं विचारलं.

"वही, जो आपने बोला," म्हणून तो बसच्या पायरीवर चढला.

बस निघाली. तिच्या मागची बस पुढं सरकायला बघत होती आणि सुशांतची गाडी मध्ये होती. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून, चल हल म्हणत, यल्ला, यल्ला केलं, तेव्हा सुशांत आत बसला आणि त्यानं गाडी बाजूला घेतली.